पिचरचा डावा पाय

शाळेच्या बेसबॉल संघात मी कॅचर होतो, म्हणजे पिचरनं बॅटरकडं टाकलेला बॉल मागं बसून झेलणारा. बॅटर जिच्यापाशी उभा राहतो त्या जमिनीतल्या प्लेटमागे उकिडवं बसून कॅचर पिचरला जेवढं पाहतो, तेवढं मैदानावरचं दुसरं कुणी पाहत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मी आमच्या पिचरबद्दल आणि पी.टी.च्या सरांबद्दल लिहितोय.

आमचा पिचर वाडीवरून यायचा. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन पाखरं राखायचा. खांद्यातला जोर तिथला. त्याचा बॉल झेलून माझा तळहात लाल व्हायचा. पण बॉल यायचा बहुतेकदा माझ्या डाव्या खांद्याच्याही वरून. ठरलेल्या चौकटीबाहेर असे चार बॉल गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर; ह्यालाच वॉक म्हणतात. समोरच्या संघानं बॅट न फिरवता काढलेल्या धावा मी जिल्ह्याच्या स्पर्धेत पाहिल्यात. सगळे ओरडायचे, ‘नेम धर, नेम धर!’ त्यानं तो आणखीच आखडायचा.

सर कधी ओरडले नाहीत. आपल्या पटांगणाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून त्यांनी एका कडेला मुरूम टाकून घेतला. पिचर जिथं पाय टेकवून टाकतो त्या पट्टीच्या मध्यापासून प्लेटच्या मध्यापर्यंत फक्कीनं सरळ रेघ मारली आणि त्याला टाकायला लावलं. मग आम्हा दोघांना मातीतला ठसा दाखवला. ‘बॉल कुठं गेला ते कशाला बघायलास? पाय कुठं पडायलाय ते बघ.’

उजव्या हातानं टाकणाऱ्याचा डावा पाय रेघेच्या आसपास पडायला हवा. ह्याचा वीतभर बाहेर, पहिल्या बेसच्या अंगाला पडत होता. तसं झालं की कंबर आणि डावा खांदा वेळेआधीच उघडतात, म्हणजे समोर वळतात, धड पुढं निघून जातं आणि हात मागं राहतो. हात पूर्ण पुढं यायच्या आत बॉल सुटतो, म्हणून तो उंच जातो आणि टाकणाऱ्या हाताच्या बाजूला सरकतो. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पट्टीपासून प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असतं आणि प्लेट अवघी १७ इंच रुंद. बॉल सुटताना दिशा एका अंशानं चुकली, तरी प्लेटपाशी जवळजवळ फूटभराचा फरक पडतो. एवढा बारीक फरक नुसत्या मनगटानं सावरता येत नाही. खालून वरपर्यंत सगळं अंग दर वेळी तसंच हललं, तरच हात त्याच जागी येतो.

मग बॉल बाजूला ठेवून सराव सुरू झाला. गुडघा वर घेऊन तोल सांभाळत थांबायचं. पाय रेघेवर टाकायचा, तो टेकेपर्यंत डावा खांदा माझ्याकडंच रोखलेला ठेवायचा. ग्लोव्हचा हात बाहेर न झटकता छातीशी घ्यायचा, मान एका बाजूला झुकू द्यायची नाही. बॉलच्या जागी हातात टॉवेल धरून हेच पुन्हा पुन्हा. मला वाटतं, सरांचं मोठेपण ह्यातच होतं: पोराला त्यांनी एकदाही ‘जोर कमी कर’ म्हटलं नाही. जोर तसाच राहिला आणि हळूहळू बॉल माझ्या ग्लोव्हपाशी यायला लागला. विभागाच्या स्पर्धेत मला ग्लोव्ह फारसा हलवावा लागला नाही, तो आनंद मला अजून पुरतो.

पुढं रँडी जॉन्सनबद्दल वाचलं आणि सरांची फार आठवण आली. ६ फूट १० इंच उंचीचा हा अमेरिकेतला डावखुरा पिचर. १९९१ मध्ये त्यानं १५२ वॉक दिले, १९९२ मध्ये १४४. दोन्ही वर्षी त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त. १९९२ मध्येच नामांकित पिचर नोलन रायन आणि पिचिंगचे कोच टॉम हाऊस ह्यांनी त्याला दाखवून दिलं की पुढचा पाय टाचेवर पडतोय आणि त्यामुळं अंग प्लेटच्या रोखानं न जाता बाजूला वळतंय. पाय चवड्यावर टाकायला लागल्यावर १९९३ मध्ये वॉक ९९ वर आले आणि ३०८ बॅटर स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाले. आमच्या सरांकडं ना व्हिडिओ होता, ना परदेशी पुस्तकं. त्यांनी हे मातीतल्या ठशावरून ओळखलं होतं.

यंदा पटांगणाचं सपाटीकरण होणार असल्याचं कळलं. समितीला माझी विनंती आहे: एका कडेला पिचरनं उभं राहून टाकायचा १० इंच उंचीचा पक्का माउंड, म्हणजे उंचवटा, करून घ्यावा. मातीचा आणि मुरमाचा खर्च आमची बॅच देईल. शेजारी फक्कीची एक गोणी मात्र कायम ठेवावी.