हरेगावच्या वाटेवर

हरेगावच्या मतमाऊलीला, म्हणजे तिथल्या मरियामातेच्या यात्रेला, पायी जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना काळजी एकच, रस्त्यात अटॅक आला तर? अटॅक म्हणजे पॅनिक अटॅक. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, श्वास घशाशी अडकतो आणि आता आपण मरणार हे पक्कं वाटायला लागतं. ईसीजी नॉर्मल, रिपोर्ट नॉर्मल, गोळ्या चालू, तरी पहाटे डोळा उघडला की भीती उशाशी बसलेलीच असायची.

प्रवरासंगमचा पूल झाला, नेवासं झालं, कुठं सकाळ झाली कुठं संध्याकाळ ते आता सांगता यायचं नाही. पुढं टेम्पोवर मरियामातेची मूर्ती आणि भोंगा, मागं आम्ही जपमाळेची प्रार्थना म्हणत. त्या भोंग्याचा इतका वैताग यायचा की नमो मरिया म्हणतानाही मनात चिडचिड चालू असायची. आणि आवाज जरा लांब गेला की आपण मागं पडलो म्हणून पोटात गोळा. ग्रुपमधले एक काका म्हणाले, विश्वास पक्का असला की भीती राहतच नाही बघ. मी काही बोलले नाही पण राग आला, अजूनही येतो. शुक्रवार होता, म्हणजे माळेत दुःखाची रहस्यं, येशूच्या यातनांचे प्रसंग, आणि त्यातलं पहिलंच गेथशेमाने बागेतलं. स्वतः प्रभू येशू तिथं व्याकूळ झाला, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता असं लूकनं शुभवर्तमानात लिहून ठेवलंय. मग त्याचा विश्वास काय कमी होता का?

त्याच दुपारी टाकळीभानच्या अलीकडं टाचेचा फोड फुटला. चप्पल काढली तर रस्ता तापलेला, घातली तर आग. मी थांबले, ग्रुप पुढं गेला, भोंगा ऐकू येईना आणि नेमकं तेव्हाच धडधड सुरू झाली. लिंबाच्या झाडाखाली बसले आणि बायबलमधलं 56वं स्तोत्र धरलं, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. दावीद त्याच्या शत्रूंच्या, पलिष्ट्यांच्या हाती सापडला होता तेव्हाचं हे स्तोत्र, मला भीती वाटते हे तो देवाला सरळ सांगतो. एक श्वास घेताना अर्धी ओळ, सोडताना अर्धी. धडधड थांबली नाही पण ओळही सुटली नाही.

बांधावरून एक आज्जी आली. काय झालं वगैरे काही विचारलं नाही, सरळ माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढायला लागले तर म्हणाली, राहू दे गं. पदराचं टोक कळशीत भिजवून फोडातली माती काढायला लागली, एकेक खडा, फुंकर घालत, घाई नाही काही नाही. तिच्या बोटांना भेगा होत्या आणि त्या कातडीला खरखर लागत होत्या. त्या खरखरीकडं लक्ष गेलं आणि श्वास कधी खाली उतरला मला कळलंच नाही. कुठं निघालीस? हरेगावला. मतमाऊलीला व्हय, आमच्या सुनेनंपण नवस केलाय तिथं. मग फडक्यातली भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली, आधी खा, लई लांब जायचंय तुला. नाव विचारायचं राहून गेलं.

रात्री मुक्कामावर अंग टाकलं आणि बायबलमधला एलीया संदेष्टा आठवला, राजे पहिलं पुस्तक, 19वा अध्याय. ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळालेला, झाडाखाली पडून मरण मागणारा. देवदूतानं त्याला विश्वास कमी पडतोय असं नाही सुनावलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, म्हणाला ऊठ, खा, आणि दुसऱ्या वेळी, ऊठ, खा, तुला लांब जायचंय. मी पांघरूण डोक्यावर घेऊन रडले, खूप बरं वाटलं.

हरेगावला पोचलो तर गर्दी नुसती, मुंगी शिरायला जागा नाही. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू झाली आणि परत हाताला मुंग्या. एरवी मी बाहेर पळाले असते. या वेळी तीच ओळ परत, श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी, आणि शेजारच्या बाईला म्हटलं ताई तुमचा हात धरू का, मला भीती वाटतेय. तिनं हात दिला. शेवटच्या आशीर्वादापर्यंत मी तिथंच उभी होते.