फादरला सांगितलं की पाप माफ होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

बेळगावात ख्रिश्चन म्हणून राहिलं की एक प्रश्न ठरलेला असतो. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्या काकूंकडून, "तुमच्यात बरं असतंय की गं, आठवडाभर काय बी करायचं आणि रविवारी फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं, आम्हाला बघ सात जन्म फेडत बसावं लागतंय." मला राग वगैरे येत नाही, पण नीट उत्तर द्यायचं तर अर्धा तास लागतो आणि पाचव्या मिनिटाला समोरचा माणूस महापालिकेच्या पाण्यावर गेलेला असतो. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, "तुमच्यात" म्हणजे नक्की कुणाच्यात? आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. बाबा मेथडिस्ट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांपैकी, मराठी उपासनेला जाणारे, आई खानापूर तालुक्यातली कॅथलिक, माहेरी कोंकणी आणि बाहेर मराठी. इकडे असं सगळं मिसळलेलंच आहे, लंडन मिशन या प्रोटेस्टंट संस्थेची माणसं बेळगावात १८२० साली आली आणि पुढे त्यांचं काम मेथडिस्टांकडे गेलं, खानापूर-नंदगड पट्ट्यात गोव्याकडून आलेली कॅथलिक घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा, कॅम्पात इंग्रजांच्या काळातलं सेंट मेरीज चर्च आहे, आणि आता भाड्याच्या हॉलमध्ये कीबोर्ड आणि मोठे स्पीकर लावून भरणाऱ्या प्रार्थना सभा. पापाचं काय होतं हे विचारलंत तर यातला प्रत्येक जण वेगळं सांगणार, आणि दुसऱ्याचं कसं चुकलंय ते जास्त उत्साहानं सांगणार.

फादरच्या कानात सांगणारे म्हणजे आईकडचे. ते कसं असतं ते आधी बघा, कारण बहुतेकांनी ते फक्त सिनेमात बघितलंय. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात देवळात बाकांच्या कडेनं लाईन लागते, लाकडी कपाटासारखी ती जागा, मध्ये जाळी, पलीकडे फादर कान जाळीकडे करून बसलेले, तोंड सहसा दुसरीकडे. गुडघे टेकायचे, क्रूसाची खूण करायची, मागचं कन्फेशन कधी केलं होतं ते सांगायचं, मग पापं. लहान पोरांचं तर फार मजेशीर, १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे प्रसादाची भाकरी पहिल्यांदा घ्यायचं, वय साधारण सातपर्यंत खाली आणलं, आणि त्याच्या आधी पहिलं कन्फेशन करायचं असतं, म्हणजे दुसरी-तिसरीतली पोरं. माझी मावसबहीण लाईनीत उभी राहून बोटांवर पापं मोजत होती, आईला उलट बोलले, भावाचा खोडरबर घेतला, आणि तिसरं आठवेना म्हणून पुढच्या मुलीला विचारत होती तू काय सांगणार आहेस. फादरनी प्रायश्चित्त म्हणून नमो मरिया ही प्रार्थना म्हणायला सांगितली असणार, बाहेर येऊन बाकावर बसून घाईघाईत ओठ हलवत होती.

पोरांचं सोडा. मोठ्यांसाठी त्यातली अट कडक आहे आणि काकूंना तीच माहीत नसते. पश्चात्ताप नसेल, पुन्हा करायचा बेत मनात ठेवूनच आत गेला असाल, तर फादरनी माफीचे शब्द म्हटले तरी ती माफी लागू होत नाही, हे कॅथलिक चर्चचंच म्हणणं आहे. शिवाय सगळी पापं एका मापाची नाहीत. गोष्ट गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत असलं पाहिजे आणि स्वतःच्या मर्जीनं केलेली असली पाहिजे, हे तिन्ही जमलं तर ते मरणाचं पाप, नाहीतर हलकं. मरणाचं पाप असेल तर वर्षातून एकदा तरी कबुली द्यायचीच, हा वर्षाचा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. आणि "फादर गावभर सांगत असतील की" असंही एक जण हमखास म्हणतो, तर ते गुपित फोडणारा फादर त्या क्षणी आपोआप चर्चच्या बाहेर पडतो, इतका तो नियम कडक आहे.

ते कपाट मात्र येशूच्या काळापासूनचं नाही हां. ते सोळाव्या शतकात मिलानच्या कार्लो बोर्रोमेओ या कार्डिनलनी रूढ केलं. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, छळाच्या भीतीनं श्रद्धा सोडणं असल्या मोठ्या पापांचं प्रायश्चित्त सगळ्यांसमोर असायचं, वर्षानुवर्षं, आणि अशी संधी साधारण आयुष्यात एकदाच. मग आयर्लंडच्या संन्याशांनी खासगीत, पुन्हा पुन्हा करता येईल असं कन्फेशन युरोपभर नेलं. म्हणजे "सोपं" म्हणून जे चिडवलं जातं ते खरं तर फार अवघड होतं म्हणून नंतर माणसाच्या आवाक्यात आणलेलं आहे.

आता बाबांची पार्टी. बाबांचं एक वाक्य ठरलेलं, देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त, मग फादर मध्ये कशाला? (पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं आहे ते, दुसरा अध्याय.) आई लगेच योहानाचा विसावा अध्याय काढते, येशूनं शिष्यांना सांगितलं की तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची क्षमा झाली. दोघंही वचनं तोंडपाठ असलेली माणसं, त्यामुळे आमच्याकडे जेवणं लांबतात. लोकांना वाटतं की मार्टिन लूथरनी, म्हणजे ज्या जर्मन संन्याशापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले त्यानं, कन्फेशन मोडून टाकलं, तसं नाही. १५१७ ला तो भडकला ते पैसे देऊन माफीपत्रं घ्यायच्या धंद्यावर, स्वतः तो शेवटपर्यंत कन्फेशन करत होता आणि १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीनाम्यातही, म्हणजे लूथरवाल्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही, ते ठेवलेलं आहे. त्याला नको होती ती सक्ती, आणि प्रत्येक पाप मोजून सांगितलंच पाहिजे ही भीती.

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आधी सगळे मिळून पापाची कबुली वाचतात, विचारानं, शब्दानं आणि कृतीनं आम्ही पाप केलं आहे वगैरे. मी त्याच बाकावर बसते म्हणून सांगते, त्या वाचनाला एक चाल लागलेली आहे, पुढच्या बाकावरची आज्जी अर्धा शब्द मागे असते, कुणाचं लक्ष घड्याळाकडे, कुणाचं घरी मंद गॅसवर ठेवलेल्या मटणाकडे, आणि त्या दोन मिनिटांत कुणालाही स्वतःचं एकसुद्धा पाप नाव घेऊन सांगावं लागत नाही. मग कठड्यापाशी गुडघे टेकून भाकरीचा तुकडा आणि छोट्या ग्लासात द्राक्षाचा रस. मला ही उपासना मनापासून आवडते, पण काकू, सोपं म्हणून कुणाला चिडवायचंच असेल तर आम्हाला चिडवा, आईकडच्यांना नको. थेट देवाला सांगणं हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यात सांगणारी मीच, आणि पुष्कळदा माझ्या बाजूनं समजून घेणारीही मीच.

गंमत म्हणजे ज्यानं मेथडिस्ट पंथ सुरू केला त्या आमच्या जॉन वेस्लीला हे चांगलं कळलं होतं. १७३८ मध्ये त्यानं छोट्या गटांसाठी नियम लिहिले, आठवड्याला भेटायचं आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हा, की गेल्या भेटीनंतर माहीत असलेलं कुठलं पाप तुझ्या हातून झालं? कपाट नाही, जाळी नाही, समोर चार ओळखीची माणसं. फादर नको म्हणणाऱ्यांनी एकाच्या जागी चार बसवले. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलेलंच आहे, ते त्यांनी अक्षरशः घेतलं. आता कुठल्या मेथडिस्ट चर्चमध्ये असा प्रश्न विचारून दाखवा, पुढच्या आठवड्यात गटात फक्त पास्टर आणि त्यांची मिसेस उरतील.

तिसरी पार्टी हॉलवाल्यांची. माझा एक मावसभाऊ तिकडे गेला आणि खानापूरला मलप्रभेत बुडवून त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला, कारण त्यांच्या मते तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलेलं चालत नाही, स्वतः समजून विश्वास ठेवला पाहिजे. माझ्या आईला ते फार लागलं. आईचं म्हणणं की पाप म्हणजे फक्त केलेली कृत्यं नव्हेत, माणूस जन्मतःच तुटलेल्या अवस्थेत येतो, मग बाळाला ताटकळत का ठेवायचं. तर हा भाऊ आता मला भेटला की विचारतो, "ताई, तुझं तारण झालंय?" आणि तारीख विचारतो. त्यांच्याकडे कबुली असते ती साक्ष देताना, माईकवर, सगळ्यांसमोर. मी पीत होतो, बायकोला मारत होतो, प्रभूनं सोडवलं. ऐकताना खरंच अंगावर काटा येतो, आणि काही घरं त्यानं सावरली आहेत हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण एक लक्षात आलंय, माईकवरची पापं सगळी बाप्तिस्म्याच्या आधीची असतात. आणि दारू-गुटखा असतो, व्याजानं दिलेले पैसे कधी नसतात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जी आध्यात्मिक जागृतीची लाट आली तीतही मुली रडत रडत उघडपणे पापं कबूल करत होत्या, म्हणजे मराठी ख्रिश्चनांना हा प्रकार काही नवा नाही.

आता मूळ मुद्दा, माफी मिळते कशामुळे. काकूंना वाटतं कन्फेशन हे काउंटर आहे, पाप द्या, माफी घ्या. पण फादर काय, पास्टर काय, दोघंही हेच सांगतील की माफी कमावता येत नाही, ती देवाची कृपा आहे, किंमत ख्रिस्तानं वधस्तंभावर भरली. भांडण होतं ते पुढच्या पायरीवर, की माणूस नीतिमान ठरतो तो फक्त विश्वासानं, की कृपा आत शिरून त्याला बदलते आणि त्याच्या कर्मांनाही त्यात जागा आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये यावर लांबलचक ठराव केला आणि लूथरवाल्यांची मतं झिडकारली. मग १९९९ मध्ये ऑग्सबर्गलाच कॅथलिक आणि लूथरन यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या की मूळ गोष्टीत आपलं एकमत आहे, २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात आली. मी हे घरी मोठ्या उत्साहानं सांगितलं. बाबा म्हणाले, मग पर्गेटरीचं काय? आईनं पानात आमटी जरा जोरात वाढली.

कारण तिथे खरंच फरक उरतो. आईकडे पापाचा दोष माफ झाला तरी त्याचे परिणाम धुवायचे राहतात, इथे प्रायश्चित्तानं नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात, तेच पर्गेटरी, म्हणून दोन नोव्हेंबरला सगळं घर कबरस्तानात मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जातं आणि मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना, सांगतात. बाबा सोबत येतात, फुलं धरतात, पण मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. तुमच्या "फेडण्या"च्या जवळ कोण आहे म्हणाल तर आईच, म्हणजे ज्यांना तुम्ही सोपं म्हणता तेच. आणि मरताना पश्चात्ताप केलेला खुनीही सुटतो का असं विचारलंत तर दोघंही हो म्हणणार, येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या आणि शेवटच्या क्षणी माफी मिळालेल्या चोराचं उदाहरण देणार. हे न पटणं मी समजू शकते. खरा वाद घालायचा तर इथे घाला, कपाटावर नको.

"मग आम्ही नरकात काय?" हा पुढचा प्रश्न. भाऊ हो म्हणेल, तोंड पाडून, पण म्हणेल. कॅथलिक चर्चनं १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त माहीत झाला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकानं वागतात त्यांचंही तारण होऊ शकतं. बाबा म्हणतात न्याय करणं आपल्या पगारात बसत नाही.

कन्फेशनच्या विरुद्ध बोलायला खरं कारण हवं असेल तर तेही आहे. २०१८ मध्ये केरळात ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पुरोहितांवर आरोप झाला की एका बाईच्या कबुलीचा वापर तिला धमकावायला केला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कन्फेशनच बंद करा अशी शिफारस केली आणि चर्चवाले खवळले. बंद करावं असं मला वाटत नाही, पण बंद जागेत एकाच्या हातात इतकं देणं धोक्याचं असू शकतं हे मान्य करायला काय हरकत आहे, नियम कितीही कडक असला तरी.

आणि शेवटचं, चोरीचं. आईच्या गावाकडे लोक खून-मारामारी क्वचित करतात, बांध मात्र कोरतात, दरवर्षी नांगराच्या टोकानं वीतभर. तिकडच्या एका फादरनी म्हणे ईस्टरच्या आधी प्रवचनात सांगून टाकलं की घेतलेली वस्तू परत करायची तयारी नसेल तर कन्फेशनला येऊन उपयोग नाही, आधी बांध सरकवा मग लाईनीत या. त्या वर्षी लाईन लहान होती असं मावशी सांगते, खरं-खोटं देव जाणे. पण शिकवण तीच आहे, लाटलेलं परत करावं लागतं, आणि त्यावर बाबांची पार्टीही नाही म्हणत नाही, कारण जक्कय दोघांच्याही बायबलात आहे. लूकचा एकोणिसावा अध्याय. जकातवाला, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, येशूला बघायला झाडावर चढतो, येशू म्हणतो खाली उतर, आज मी तुझ्या घरी राहणार. मग तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. त्यावर येशू म्हणतो, आज या घराचं तारण झालं.

बाबा म्हणतात बघ, येशू घरी येतो म्हणाला ते आधी, पैसे नंतर. आई म्हणते तारण झालं असं म्हणाला ते मात्र चौपटीचं ऐकल्यावरच.