येऊरच्या फाटकापाशी सोडलेली लॅब्राडोर

रस्त्यावरचं कुत्रं वेगळं आणि रस्त्यावर आणून सोडलेलं कुत्रं वेगळं. रेस्क्यूमध्ये पुढचं सगळं या एका फरकावर ठरतं. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या गल्लीतल्या काळूच्या पायाला पावसाळ्यात अळ्या पडल्या, तेव्हा अळ्या काढल्या, ड्रेसिंग केलं आणि बरा झाल्यावर त्याला त्याच्याच टपरीपाशी सोडलं. तीच त्याची जागा. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही हेच सांगतात: नसबंदी करा, रेबीजची लस द्या, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. पण घरात वाढलेलं कुत्रं ‘तिथेच परत’ सोडलं तर ते सहसा जगत नाही.

साय आम्हाला येऊरच्या फाटकाजवळ दिसली. फिकट रंगाची लॅब्राडोर. गळ्यात पट्टा नव्हता, पण पट्ट्याने घासून केस गेलेले दिसत होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावायची, कुणी दार उघडलं की आत डोकवायची. चहाच्या टपरीवरचे मामा म्हणाले, “पहाटे गाडीतून उतरवली हो. तेव्हापासून असंच चाललंय तिचं.”

येऊरला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. वस्तीतली कुत्री अंधार पडला की एकत्र राहतात, जंगलाकडून वारा आला की सावध होतात. हिला त्यातलं काहीच येत नव्हतं. दिवस मावळायच्या आत तिला उचलणं भाग होतं.

घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे कधी धावू नये, ते गाड्यांखाली जातं. मी तिच्याकडे पाठ वळवून जमिनीवर बसले आणि उकडलेलं चिकन बाजूला ठेवलं. तिने हुंगलं आणि सोडून दिलं. माझ्याबरोबरच्या फीडर ताईंनी, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या ताईंनी, पाण्याचं भांडं पुढे केलं, तशी मात्र ती आली आणि भांडं रिकामं करून दुसऱ्याची वाट बघत उभी राहिली. दुसरं पीत असताना ताईंनी हळूच स्लिप लीड, म्हणजे फासाची दोरी, गळ्यात सरकवली. एका रिक्षावाल्या दादांनी मागच्या सीटवर स्वतःचा रेनकोट अंथरला आणि आम्ही दवाखान्यात पोचलो.

एरवी खादाड असणारी लॅब्राडोर चिकन नाकारते आणि पाणी मात्र थांबत नाही, हे ऐकताच डॉक्टरांनी ताप बघायच्या आधी पोट चाचपलं. सोनोग्राफीत दिसलं, गर्भाशय पूने भरलेलं. पायोमेट्रा. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत हा आजार होऊ शकतो. गर्भाशय फुटलं तर पू पोटात पसरतो. म्हणून थांबायला वेळ नसतो, गर्भाशय आणि अंडाशय काढावं लागतं. तिची सडं लोंबलेली होती. “बऱ्याच वेळा व्यायलेली आहे,” डॉक्टर म्हणाले. जिच्याकडून इतकी पिल्लं घेतली, तिला उपचारांची वेळ आल्यावर जंगलाच्या तोंडाशी आणून सोडलं असणार. याचा मला अजूनही संताप येतो.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. खर्च आमच्या रेस्क्यू ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाटून घेतला.

दरम्यान तिच्या अंगावर मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) स्कॅनर फिरवून पाहिला, चिप नव्हती. फोटो सगळीकडे पाठवले, पण कानामागचा जुना व्रण मुद्दाम दाखवला नाही. खरा मालक असेल तर तो स्वतःहून सांगेल. कुणी सांगितला नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही दिली. प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा वाचून हात गळतात, तरी तक्रार द्यावीच. नोंदच झाली नाही, तर असं काही घडतंय हे सरकारदरबारी दिसणार कसं?

टाके निघेपर्यंत साय आमच्या घरी राहिली. आईने नाव ठेवलं. लिफ्ट वाजली की ती दाराशी जाऊन बसायची.

दत्तक देणं हा सगळ्यात नाजूक भाग. फोन भरपूर आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न, “पिल्लं होतील ना?” नसबंदी झालीय म्हटलं की फोन बंद. एका अर्थी बरंच झालं, चाळणी आपोआप लागली. शेवटी कळव्याचे एक निवृत्त काका-काकू आले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन गॅलरीची जाळी पाहिली, तिला फिरवणार कोण, गावी जाताना ठेवणार कुठे, सगळं विचारलं. काकूंनी एकाही प्रश्नाचा राग मानला नाही. काका म्हणाले, “मुलगी देताना विचारतात तसं विचारा तुम्ही.”

करारनाम्यात आमचं एक कलम असतं: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत द्यायचं. काकूंनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “हे खोडा. परत द्यायचा प्रश्नच येत नाही.” ताईंनी त्यांना समजावलं, की हे कलम सायच्या बाजूचं आहे, तुमच्या विरोधातलं नाही. काकूंनी पुन्हा एकदा वाचलं, काकांकडे पाहिलं आणि सही केली.