तुम्ही विचारलंत म्हणून: नेट न्यूट्रॅलिटी कोणत्या पक्षाला हवी आहे?

निवडणूक जवळ आली की नवी पेठेतल्या अभ्यासिकांपासून हिंजवडीच्या कॅन्टीनपर्यंत हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर एका ओळीचं आहे: भारतात तोंडानं जवळजवळ सगळ्यांनाच. म्हणूनच त्या पाठिंब्याला वजन कमी. विरोधात उभं राहायला कुणीच तयार नसेल, तर बाजूनं बोलायला काय लागतं?

आधी मुद्दा नेमका काय आहे ते बघू. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीचा प्रकार बघून पैसे घेतात. पुढे कुठल्या हॉटेलात मिसळ खाणार, हे विचारून दर ठरवत नाहीत. इंटरनेट पुरवणाऱ्यानंही तसंच वागावं, इतकीच अपेक्षा आहे. डेटाचे पैसे घ्या, वेगाचे घ्या, पण कुठलं संकेतस्थळ उघडलं यावरून दर किंवा वेग बदलू नका. रिचार्जवर एखाद्या चित्रपटाच्या ॲपचं सदस्यत्व फुकट मिळतं, ते यात आपोआप बसत नाही. ते ॲप बघताना डेटा नेहमीच्याच दरानं कापला जातो ना, हे बघायचं. दंगलीच्या वेळी सरकार इंटरनेट बंद करतं, तो विषयही वेगळा. लोक या तिन्ही गोष्टी एका पिशवीत घालतात आणि मग कोण कशाच्या बाजूनं बोलतंय तेच कळेनासं होतं.

खरा गोंधळ २०१५ मध्ये उडाला. २७ मार्चला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, वीस प्रश्नांचा सल्लामसलतीचा कागद काढला. ६ एप्रिलला एअरटेल झीरो जाहीर झालं: ॲपवाल्या कंपनीनं पैसे भरायचे, ग्राहकाला ते ॲप डेटाशिवाय. लोक चिडले. एअरटेल झीरोत सामील होऊ पाहणाऱ्या फ्लिपकार्टच्या ॲपला एक-एक तारा देण्याची लाट आली आणि १४ एप्रिलला फ्लिपकार्टनं अंग काढून घेतलं. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. एवढी गर्दी दिसल्यावर पक्ष आले. २२ एप्रिलला राहुल गांधी लोकसभेत बोलले, आपणही भेदभावाविरुद्धच आहोत असं तेव्हाचे दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सरकारतर्फे सांगितलं, आम आदमी पक्ष आणि डावेही त्याच बाजूला. क्रम लक्षात घ्या: आधी लोक, मग पक्ष. ओडिशातल्या बिजू जनता दलाचं काम मला त्यातल्या त्यात जास्त पटतं, कारण त्यांनी नुसतं भाषण केलं नाही. खासदार तथागत सत्पथींनी थेट ट्रायला लिहिलं. वर्षअखेरीस ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनाईक यांनीही ट्रायला पत्र पाठवलं, की गरिबांनी काय बघायचं ते दुसऱ्यानं ठरवलं तर त्यांचा निवडीचा हक्क जातो. योग्य टेबलावर पोचलेला कागद म्हणतात तो हा.

योग्य टेबल कुठलं, हे कळण्यासाठी अधिकारांची वाटणी माहीत हवी. दर ठरवण्याचा अधिकार ट्रायचा स्वतःचा, त्याला मंत्र्याची सही लागत नाही. म्हणून ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं थेट नियम काढला: मजकुरावरून डेटाचा वेगवेगळा दर लावायचा नाही, लावला तर दिवसाला ५०,००० रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीक संकेतस्थळंच फुकट दाखवणारी आपली सेवा, भारतातून गुंडाळली. पण वेग मुद्दाम मंदावणं किंवा एखादी सेवा अडवणं हा परवान्याच्या अटींचा भाग, आणि परवाना दूरसंचार विभागाचा. तिथे ट्राय फक्त शिफारस करू शकतं. ती शिफारस २८ नोव्हेंबर २०१७ ला झाली, सरकारनं २०१८ च्या जुलैत मान्य केली आणि मग ती परवान्यात गेली. म्हणजे पक्षाचा पाठिंबा खरा कामाला येतो तो या दुसऱ्या भागात. पहिल्या भागाचं श्रेय पक्षांनी घेऊ नये.

अमेरिकेत मात्र उलटं आहे आणि लोक तिथल्या बातम्या वाचून इथलं बोलतात. तिथल्या दूरसंचार आयोगात (एफसीसी) पाच सदस्य, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, अध्यक्ष राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यामुळे २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा नियम ३-२ मतांनी आला, २०१७ मध्ये ३-२ नं गेला, २०२४ मध्ये ३-२ नं परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं तो उडवला. २०१७ मध्ये तिथे सव्वादोन कोटींच्या आसपास प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या सुमारे १ कोटी ८० लाख खोट्या होत्या, असं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत निघालं. नुसता आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

आपल्याकडेही तेच घडलं, जरा सौम्यपणे. ९ डिसेंबर २०१५ च्या कागदात ट्रायनं चारच प्रश्न विचारले होते. फेसबुकच्या बटणावरून लाखो लोकांनी 'फ्री बेसिक्सला पाठिंबा' पाठवला. त्यात त्या प्रश्नांची उत्तरं नव्हती, आणि ट्रायनं तसं कंपनीला कळवलं. एप्रिलमधले ईमेलही तयार मसुद्यावरचेच होते हे खरं, पण तो मसुदा विचारलेल्या प्रश्नांना धरून लिहिलेला होता. फरक तिथे पडला.

आता उमेदवार दारात आला तर काय विचारायचं? नगरसेवकाला काही विचारू नका. महापालिकेच्या हातात फार तर केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी. लोकसभेच्या उमेदवाराला दोन गोष्टी विचारा. एक: नियम पाळले जातात का हे बघण्यासाठी सगळ्या संबंधित घटकांचे प्रतिनिधी असलेली वेगळी संस्था असावी, अशी शिफारस ट्रायनं सप्टेंबर २०२० मध्ये केली, त्यावर तुमचा पक्ष काय करणार? दोन: जास्त डेटा वाहणाऱ्या मोठ्या ॲपनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा, ही मोबाईल कंपन्यांची मागणी तुम्हाला मान्य आहे का? २०२३ पासून भांडण इथेच आहे, आणि 'आम्ही नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूनं' म्हणणारा इथेच अडखळतो. विद्यमान खासदार असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या विभागात त्याचं नाव आणि संचार मंत्रालय निवडून शोधा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे पुण्याच्या खासदाराकडे मंत्रिपद असेल तर बारामती आणि शिरूरच्या खासदारांची नावं टाकून बघा.

'माझं अमुक ॲप मुद्दाम हळू केलंय' ही तक्रार करण्याआधी तपासून घ्या. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात सगळंच रखडतं, ती टॉवरवरची गर्दी, भेदभाव नव्हे. वायफाय बंद करा, दिवसाचा डेटा संपलेला नाही हे बघा, एकाच जागी उभं राहून दोन वेगवेगळ्या सेवांवर व्हिडिओ लावा. मग तेच व्हीपीएन चालू करून, म्हणजे तुम्ही काय बघताय ते कंपनीला दिसू न देणारं ॲप लावून. एकच सेवा रखडते आणि व्हीपीएनवर सुरळीत होते, असं तीन दिवस वेगवेगळ्या वेळी दिसलं तर संशयाला जागा आहे. पक्का पुरावा तोही नाही, कारण व्हीपीएनमुळे मार्ग बदलतो आणि एखाद्या सेवेचा जवळचा सर्व्हर त्या मार्गावर नसू शकतो. नुसत्या स्पीड टेस्टवर जाऊ नका. तिचा सर्व्हर बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो आणि आकडा छान येतो. तक्रार आधी कंपनीकडे, क्रमांक घेऊन, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही.

आणि पुढचा सल्लामसलतीचा कागद निघाला की: तो ट्रायच्या संकेतस्थळावर असतो, शेवटी प्रश्न क्रमांकानं दिलेले असतात. सगळे सोडवायची गरज नाही. तीनच घ्या, क्रमांक लिहा, पहिल्या वाक्यात हो की नाही, मग कारण, मग वर केलेल्या चाचणीच्या तारखा. कागदावर दिलेल्या ईमेलवरच पाठवा. मंत्र्याला टॅग करून काही होत नाही. मुदत चुकली तर दुसरी, छोटी मुदत असते, पण ती फक्त इतरांच्या म्हणण्याला उत्तर देण्यासाठी, तेव्हा आधी त्यांचं वाचावं लागेल. सहीखाली मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता मात्र टाकू नका. प्रतिक्रिया जाहीर होतात. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायनं त्या पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकल्या होत्या.