पायलोरी गेला का बघायला रक्त देऊ नका

एंडोस्कोपीला लोक उगाच घाबरतात. घशात स्प्रे मारला, नळी आत-बाहेर झाली, संपलं. तिथंच जठराच्या अस्तराचा तुकडा युरियाच्या टेस्टमध्ये टाकला, रंग पिवळ्याचा गुलाबी झाला, म्हणजे एच पायलोरी, जठरात घर करणारा जंतू. १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स, तोंडाला लोखंडाची चव, तेपण निभावलं. डोकं फिरलं ते पुढं.

जंतू गेला का बघायला डॉक्टरांनी स्टूल अँटिजेन, म्हणजे संडासच्या नमुन्यात जंतूचे अंश शोधायची टेस्ट, लिहून दिलेली. रेल्वे लाईन्सकडच्या एका लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, "पायलोरीचं ना? रक्त द्या की ओ, संध्याकाळी रिपोर्ट." म्हटलं चिठ्ठीवर वेगळं लिहिलंय. "तेच ते ओ काका." अरे तेच ते कसं? रक्तात बघतात ती अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेलं प्रथिन, आणि ती जंतू मेल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षंही राहते. मांडव दिसला म्हणजे वऱ्हाड अजून आतच आहे असं असतं का!

माझ्या बायोप्सीत, म्हणजे अस्तराच्या तुकड्याच्या तपासणीत, 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस' (जठराच्या अस्तराची सूज) आलेलं, ते डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं होतं म्हणून तरी भांडता आलं. क्रॉनिक म्हणजे लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी अस्तरात ठाण मांडून बसल्यात, ॲक्टिव्ह म्हणजे न्यूट्रोफिल अजून येतायत. या सगळ्या शरीराच्या लढाऊ पेशी. न्यूट्रोफिलना बोलवतं कोण तर आपल्याच अस्तराच्या पेशी, आयएल-८ नावाचं निरोप देणारं रसायन सोडून. अँटिबॉडीपण ढीगभर तयार होते, पण जंतू राहतो चिकट थराच्या आत, तिथं तिचं फारसं चालत नाही, त्यात आपल्याच काही टी पेशी (त्यापण लढाऊ पेशीच) लढाईला ब्रेक लावतात, त्यामुळं लहानपणी शिरलेला जंतू म्हातारपणापर्यंत राहतो आणि या मारामारीत अस्तर आपलंच खराब होतं. घरचे मात्र शेंगाचटणीवर खापर फोडत होते.

तर तो काउंटरवाला ऐकेना. आधी किट नाही म्हणाला, मग सँपल पुण्याला पाठवावं लागतं म्हणाला, मग "उद्या या", आणि उद्या गेलं की तिथं दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. माझ्यासमोर एका मावशींनी तसल्याच चिठ्ठीवर गुपचूप रक्त देऊन टाकलं. शेवटी मी डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला दिला तेव्हा कुठं डबी मिळाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रिपोर्ट निगेटिव्ह. हो, एक राहिलंच, अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवडे जाऊ द्या, आणि ॲसिड कमी करायची गोळी टेस्टआधी २ आठवडे बंद पाहिजे, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. बंद करायची ती डॉक्टरांना विचारून. फुंकर मारायची युरिया ब्रेथ टेस्टपण चालते, जिथं मिळेल तिथं. कोर्समध्ये बिस्मथ असेल तर संडास काळी होते, त्याच गोळीनं होते ती. आणि लॅबला आधी फोन करून 'स्टूल अँटिजेन करता का' असंच विचारा, नुसतं पायलोरी म्हटलं की रक्तच काढतात.