पुन्हा असे करणार नाही

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी ऑफिसात बोलावून पत्र हातात दिलं. चारच ओळी. सुनावणीत परीक्षेतील गैरप्रकाराचा आरोप सिद्ध न झाल्याने तिसऱ्या सत्राचा राखीव ठेवलेला निकाल जाहीर करण्यात येत आहे. दोन्ही उत्तरपत्रिका मिळून एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, ७० पैकी ४१. क्लार्क काका म्हणाले, "सुटलीस! पेढे आण." पोचेवर सही करायच्या आधी मी ते पत्र तीनदा वाचलं. हल्ली कुठल्याही कागदाचं माझं असंच होतं.

डिसेंबरातला तो दिवस मी अजून या वहीत लिहिलेला नाही. हात धजावला नव्हता.

अडीच तासांचा पेपर, त्यातला दीड तास झाला होता. लाप्लासचं गणित सुटत आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून मी लाप्लास पक्कं केलं होतं, त्यामुळे मनातून खूश होते. तेवढ्यात भरारी पथक आलं. एका सरांनी माझं पॅड उचललं. खाली बाकावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात लाप्लासची पाच-सहा सूत्रं. मलाही ती तेव्हाच पहिल्यांदा दिसली. त्या बाकावर काय नव्हतं! करकटकाने कोरलेली नावं, बदाम, कुणाकुणाची आकडेमोड. पेपर सुरू होण्याआधी बाक बघून घ्यायचा आणि काही लिहिलेलं असेल तर सुपरवायझरना सांगायचं, ही सूचना मला माहीत होती. मी बाक बघितला नाही. तेवढी चूक माझी, आणि ती मी समितीपुढेही सांगितली.

उत्तरपत्रिका काढून घेतली, बाकाचा मोबाईलवर फोटो काढला. उरलेल्या वेळात लिहायला नवी उत्तरपत्रिका मिळणार होती, पण त्याआधी दाराबाहेरच्या टेबलापाशी नेऊन एक कोरा कागद पुढे ठेवला. मी सांगत होते, सर, हे माझं अक्षर नाही. ते म्हणाले, "ते समितीला सांग. आता मी सांगतो तसं लिही, तुझाच वेळ जातोय." आणि मी लिहिलं. 'माझ्या बाकावर विषयाशी संबंधित मजकूर आढळला. ही माझी पहिलीच चूक असून मी पुन्हा असे करणार नाही.' खाली सही, सीट नंबर, तारीख.

पुन्हा. हा एक शब्द गेले चार महिने माझ्या उशाशी बसून आहे. मजकूर आढळला, हे खरं. बाक माझा, हेही त्या दिवसापुरतं खरं. पण पुन्हा करणार नाही म्हणजे एकदा केलंय. हे माझ्याविषयी दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. शाळेत ज्या अक्षराला बक्षीस मिळालं, त्याच अक्षरात मी स्वतः लिहून दिलंय. खोटं बोलले ती मी, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

हॉस्टेलवर मैत्रिणी जवळ घेऊन म्हणाल्या, "अगं, सगळेच करतात. तू सापडलीस एवढंच." त्यांना मला धीर द्यायचा होता. रागावणार तरी कुणावर? पण मी केलं नाही, हे त्यांच्यातल्या एकीच्याही मनात आलं नव्हतं.

बाबांना सांगायला आठ दिवस लावले. बाबा एसटीत कंडक्टर. फोनवर सगळं ऐकून घेतलं, आणि 'तू केलंस का' हे विचारलंच नाही. "सही केलीस त्याच्या वर काय लिहिलं होतं?" मला ते पाठच होतं. मी म्हणून दाखवलं. मग बराच वेळ नुसता स्टँडवरचा गलका ऐकू येत राहिला. "बाळा, तपासणी पथक चढलं आणि काही निघालं की आमचाही जबाब घेतात. पटत नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहायचं, हे मला मान्य नाही. मग सही. हे तुला मी शिकवायला पाहिजे होतं." मला तोवर रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

फेब्रुवारीत नोटीस आली. तिच्यात १९८२ चा परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा आणि २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, दोन्ही होते. मार्चमध्ये सुनावणी झाली. समोर पाच जण. पहिलंच वाक्य, "लिहून तर तूच दिलंयस." मी बाकाचा फोटो बघायला मागितला. त्या दिवशी घाबरून मी ती सूत्रं नीट वाचलीही नव्हती. आता वाचली. कोसाइनच्या सूत्रात छेदात एस वर्ग वजा ए वर्ग! ते हायपरबोलिक कोसाइनचं. साध्या कोसाइनला अधिक येतं. म्हटलं, "सर, माझी पहिली उत्तरपत्रिका उघडाल का? मी अधिक घेतलंय." एका मॅडमनी पाकीट उघडलं, पानं उलटली, फोटो शेजारी धरला आणि काही न बोलता दोन्ही शेजारच्या सरांकडे सरकवलं.

त्या अनोळखी मुलाने किंवा मुलीने ते सूत्र बरोबर लिहिलं असतं तर? मी हीच असते, इतकीच निर्दोष, आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नसतं. दाराबाहेर आणखी आठ-दहा जण बसले होते. एक मुलगा सारखा रुमालाने तळहात पुसत होता. त्यातलं कोण खरं होतं, मला माहीत नाही.

आज क्लार्क काकांना विचारलं, तो कागद परत मिळेल का? "तो फाईललाच राहतो गं." म्हणून आत्ता अर्ज लिहायला बसले. 'दिनांक अमुकच्या माझ्या लेखी निवेदनातील पहिलीच चूक आणि पुन्हा हे शब्द मला मान्य नाहीत. ते मला सांगून लिहून घेण्यात आले होते. हा अर्ज त्या निवेदनाला जोडून ठेवावा, ही विनंती.' बाबांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, दोन प्रती कर, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.