चौकड्यांची पिशवी

पुढच्या महिन्यात नाशिकला यायचंय, म्हणून शनिवारी इथल्या, म्हणजे घानाची राजधानी आक्राच्या, मकोला बाजारातून मोठी पिशवी आणली. तीच हो, निळ्या-लाल चौकड्यांची, चेनवाली. आपल्याकडे गावी निघालेल्या निम्म्या लोकांच्या हातात असते ती. सोमवारी ऑफिसात सहज सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरच्या आंटी म्हणाल्या, "म्हणजे 'घाना मस्ट गो' घेतलीस!"

चार वर्षं इथे राहून मला हे नाव माहीत नव्हतं. नाव नायजेरियातलं. सत्तरच्या दशकात तिकडे तेलाचा पैसा आला आणि इथले मास्तर, गवंडी, मजूर लाखांनी लागोसला गेले. मग तेलाचे भाव पडले. निवडणूकही तोंडावर होती. 17 जानेवारी 1983 ला तिथल्या सरकारने फर्मान काढलं: कागद नसलेल्या परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. साधारण 20 लाख माणसं निघाली, त्यांतली निम्मी घानाची. सामान कोंबायला हीच स्वस्तातली पिशवी.

आंटी तेव्हा अकरा वर्षांच्या, वडील लागोसला शिक्षक. घानाने स्वतःचीच टोगोकडची सीमा बंद ठेवलेली, त्यामुळे सगळे वाटेतच, टोगोच्या अलीकडे बेनिनमध्ये अडकले. तिथल्या कोटोनू शहरात आंटी त्या पिशवीवरच झोपायच्या, कारण उठलं की पिशवी जायची. घरी पोचल्या तर इथे दुष्काळ. गळ्याची हाडं वर आलेली, त्याला लोक म्हणायचे 'रॉलिंग्ज चेन', तेव्हाच्या राज्यकर्त्याच्या नावाने. आंटींनी बोट फिरवून ती चेन दाखवली. आता तिथे खरी सोन्याची आहे.

मी नायजेरियावर चिडले, तर त्याच म्हणाल्या, "आधी आम्ही केलंय." नोव्हेंबर 1969, घानात पंतप्रधान बुसियांचं सरकार, परवाना नसलेल्या परदेशी लोकांनी चालते व्हा. त्यात नायजेरियन पुष्कळ. मुदत तेव्हाही दोन आठवड्यांचीच. कोकोच्या मळ्यांत मग मजूर मिळेनात.

गंमत म्हणजे 1979 पासून पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा आपसात करार आहे, 90 दिवस विनाव्हिसा या-जा. पण येऊ देणं वेगळं, गल्ला मांडू देणं वेगळं. घानाच्या 2013 च्या कायद्याने बाजारातली किरकोळ विक्री इथल्या नागरिकांसाठी राखून ठेवली. परक्याला व्यापार करायचा तर त्या कायद्यात अट घातली: 10 लाख डॉलर भांडवल आणि 20 स्थानिक माणसं कामावर. करार दाखवणाऱ्या नायजेरियन दुकानदाराकडे हे कुठून असणार? 2019 मध्ये आक्राच्या सर्कल भागात स्थानिक व्यापाऱ्यांनी त्यांच्या दुकानांना कुलपं ठोकली. मला व्यक्तिशः त्रास नाही. माझा परवाना कंपनी दरवर्षी नव्याने काढते, मी कुणाची भाजी-भाकरी हिरावत नाही. (परवान्याचे दिवस जवळ आले की झोप लागत नाही, ते सोडा.)

"तुमच्याकडे असं होतं?" आंटींनी विचारलं. मी पटकन "नाही" म्हटलं.

घरी आल्यावर आठवलं. फेब्रुवारी 2008, नाशिकरोड स्टेशन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली उत्तरेकडची पोरं परप्रांतीयांना होणाऱ्या मारहाणीला घाबरून गावाकडे निघालेली, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही. बाबांच्या युनिटमधले दोन वेल्डर त्यांत होते. बाबा डबा द्यायला गेले होते, मी स्कूटरवर मागे. त्या गर्दीत याच पिशव्या होत्या. आता कुणी म्हणेल, देशातल्या देशातली गोष्ट, सरकारी फर्मान नव्हतं, मुदत नव्हती, आणि नोकऱ्यांचा प्रश्न खरा होताच की. मीही तेच म्हणते. भूमिपुत्र हा शब्द मला इथे येईपर्यंत कधी बोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंटींना सांगितलं, अर्धवटच. त्यांनी फार काही विचारलं नाही. म्हणाल्या, घानात पिशवीला आमचं दुसरंही नाव आहे, 'एफ्येवुरा सुआ मे', म्हणजे घरमालका, उचलू लाग.

सध्या तिच्यात शिया बटर, कोको पावडर आणि आईसाठी सहा वार छापील कापड आहे. चेन आत्ताच दाताबाहेर यायला लागली आहे. आंटी म्हणाल्या, शुक्रवारी दाभण आणि सुतळी घेऊन येते.